एक बाजू नसलेला स्टँड

आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली एक बुटका स्टँड आहे. सागाचा सांगाडा, वर जाड प्लाय, पुढे दोन दारं. एका बाजूला लॅमिनेट लावलेली फळी आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिकडून आतली पुस्तकं, नातीचे बूट, जुन्या वायरी, सगळं जगाला दिसतं. घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "सोनावणे, लोकांची घरं सजवलीत आणि स्वतःच्या घरात हे अर्धवट काम?" मी हसून चहा पुढे करतो. यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा बायको म्हणाली, "त्या स्टँडचंच लिहा. निदान लोक विचारायचे तरी थांबतील."

मी मुळात फर्निचरवाला सुतार नव्हे. बावीस वर्षं पिंपरीकडच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंजिनाचा एखादा भाग ओतायचा तर तो आधी हुबेहूब लाकडात करतात. तो नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून लाकडी नमुना तेवढाच मोठा करावा लागतो. दर मापाला आकडेमोड करत बसायला नको म्हणून आमच्याकडे वेगळी पोलादी पट्टी असायची. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा. आम्ही तिला श्रिंकेज पट्टी म्हणायचो. दिसायला चारचौघींसारखी, फक्त टोकाला बारीक अक्षरांत प्रमाण कोरलेलं.

मग कंपनीला परदेशी भागीदार मिळाला आणि त्याच्या मागोमाग संगणकावर चालणारं यंत्र आलं. आमच्या आठ दिवसांच्या कामाला ते दुपारपर्यंतचा वेळ घ्यायचं. आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात आमची इच्छा किती होती ते विचारू नका. निघताना मी फोरमनकडून माझी ती पट्टी मागून घेतली. वारज्यात पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि पहिल्या दिवशी पट्टी खिळ्याला टांगली. लोक निरोप समारंभातलं घड्याळ लावतात, तशी.

तेव्हा वारज्यात जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि त्यांत हिंजवडीला नोकरी करणारी मुलं राहायला येत होती. कपाटं, ट्रॉल्या, पलंग, कामाला तोटा नव्हता. माशांच्या टाक्यांचे स्टँड मी अपघातानंच करू लागलो. एका मुलानं भली मोठी टाकी चपलांच्या कपाटावर ठेवली होती. कपाट वाकून एका अंगावर आलं होतं आणि तो मला फोनवर विचारत होता, "काका, थोडा सपोर्ट देता येईल का?" पाण्याला वजन असतं हे शिकलेल्या माणसांना पटवणं फार अवघड. चार फुटी टाकी, पाणी, वाळू, दगड धरून चार-साडेचारशे किलोचा भार होतो, आणि तो हलत नाही, उठून जात नाही, वर्षानुवर्षं तिथेच बसतो. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याला टाकी ईशान्येला हवी होती आणि ईशान्येला नेमका दरवाजा होता. त्यांनी दरवाजा हलवला. अशा माणसांमध्ये माझी दहा-बारा वर्षं बरी गेली.

निखिल आगाशे माझ्याकडे आला तो हातात कागदाची गुंडाळी घेऊन. सॉफ्टवेअरमधला मुलगा, तिशीच्या आतला, झोप न झालेले डोळे. म्हणाला, "काका, रीफ टँक करायचाय. खाऱ्या पाण्याचा. कोरल्स, लाइव्ह रॉक, प्रॉपर सेटअप. पण स्टँडची हाइट नॉर्मल नकोय. आई झोपून बघणार आहे."

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. दार निखिलच्या वडिलांनी उघडलं. आगाशेकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. खडकवासल्याच्या पाण्याची पातळी नोंदण्यात त्यांची निम्मी नोकरी गेलेली. मला आपादमस्तक पाहून ते म्हणाले, "या. आयुष्यभर गोडं पाणी मोजलं, आता चिरंजीव घरात खारं आणतायत."

काकूंना चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं शाबूत होतं, बुद्धी तल्लख होती, डावा हातही थोडा हलायला लागला होता. पण त्यांच्या जगातून डावी बाजूच गेली होती. डोळ्यांत दोष नव्हता, डोकं तिकडे बघायचंच विसरलं होतं. डावीकडून कुणी हाक मारली तर त्या उजवीकडे शोधायच्या.

"पहिल्यांदा कळलं ते ताटावरून," काका म्हणाले. "रोज म्हणायची, चटणी वाढत नाही, कोशिंबीर वाढत नाही. मी चिडायचो. अगं, समोर वाढलीय, दिसत नाही का? मग एक दिवस मी ताटच फिरवून ठेवलं. तर म्हणाली, आता भाजी कुठे गेली?" ते हसले. मला हसता आलं नाही.

ताटाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. ती सगळी बाजू दोन्ही जेवणांना तशीच परत जात होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की त्यांना आवडेल ते सगळं डावीकडे ठेवा, मान वळायला कारण हवं. काकांनी डावीकडे रेडिओ ठेवून पाहिला, फोटो लावून पाहिले. मान वळली नाही, आणि किती दिवसांत वळली नाही तर मग वळणारच नाही हे कुणी नक्की सांगत नव्हतं. काकूंचं माहेर हर्णैचं. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून समुद्र वर्षातून एकदा, तोही जमलं तर. म्हणून निखिलनं ठरवलं की आईच्या डावीकडे समुद्र आणायचा.

"हर्णैला मासळीचा बाजार भरतो," काका म्हणाले. "हे याचे रंगीत दगड तिनं माहेरी कधी पाहिले असतील असं मला वाटत नाही."

"बाबा, मूव्हमेंट महत्त्वाची आहे," निखिल म्हणाला. "काहीतरी हलत राहिलं पाहिजे."

पलंगाच्या डावीकडे इमारतीचा खांब पुढे आलेला होता. खांब आणि बाथरूमची भिंत यांच्यात एक खाच होती. टाकी बसली तर तिथेच. मी टेपनं खाच मोजली, वर, मध्ये आणि खाली, कारण भिंती कधीच सरळ नसतात. सगळ्यात कमी भरली ती बाराशे साठ मिलिमीटर. स्टँड बाराशे पन्नास करायचा, म्हणजे दहाची मोकळीक.

आता राहिली उंची. आडव्या माणसाच्या नजरेसमोर टाकीचा मध्य यायला हवा होता. काकू तेव्हा चाकाच्या खुर्चीत गॅलरीच्या दाराशी बसल्या होत्या. मी पलंगाच्या कडेला टेप लावून गादीची उंची घेत होतो, तर काका म्हणाले, "असं कसं कळेल? आडवे व्हा की."

मी तसाच उभा राहिलो. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मी बौद्ध. माझ्या वडिलांनी तरुणपणी दीक्षा घेतली. मला त्यांनी मान वर करून चालायला शिकवलं आणि मी तसाच चालत आलो. तरी गावातल्या काही जुन्या घरांत काम करताना माझ्या चहासाठी कान तुटलेला कप शोधला जातो, हे मी पाहिलं होतं. अशा कपातला चहा मी पीत नसे. काम मात्र करून यायचो. आणि इथे एका आजारी बाईंच्या अंथरुणावर मला आडवं व्हायला सांगत होते.

"अहो सोनावणे, झोपू नका म्हणजे झालं," काका म्हणाले. "पंखा लावू का?"

मी पाय पुसले, गादीवर बसलो, आणि उशी बाजूला सरकवून आडवा होऊ लागलो. तेवढ्यात खुर्चीतून काकूंचा आवाज आला. "उशी तीच घ्या हो. नाहीतर माप चुकेल तुमचं."

मी त्यांच्या उशीवर डोकं टेकलं. खोबरेल तेलाचा वास आला. आई गेल्यानंतर तसा वास मला आला नव्हता. मान डावीकडे वळवली आणि निखिलला माझ्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायला सांगितली. मी उठलो तेव्हा माझे डोळे भरलेले होते, आणि काका खिडकीबाहेर बघत होते.

त्या स्टँडवर मी जीव लावला. खाऱ्या पाण्याशी गाठ होती. ते लोखंड खातं, प्लाय फुगवतं, थेंबाथेंबानं आत शिरतं. म्हणून सांगाडा सागाचा, सांधे खाचा पाडून बसवलेले, स्क्रू न गंजणारे, आणि सगळ्याला तीन हात जलरोधक रंग. उंची पाचशे पन्नास. निखिलची कुरकुर होती की खाली पाणी गाळायच्या यंत्राला जागा पुरणार नाही. मी म्हटलं, "यंत्र बुटकं आणा. काकूंची मान उंच करता येणार नाही." लोड-शेडिंगचे दिवस होते, म्हणून इन्व्हर्टरच्या वायरीला वेगळी वाट ठेवली. इतकं बारकाईचं काम मी फाउंड्री सोडल्यापासून केलं नव्हतं. वाटायचं, आपण परत पॅटर्नशॉपमध्ये आहोत आणि शेजारी रंध्याचा आवाज येतोय.

टाकी बसवायच्या दिवशी निखिलनं रजा टाकली होती. काकूंना हॉलमध्ये हलवलं होतं. त्याच दिवशी सकाळी मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यांत जिवंत दगड आले. या दगडांच्या भोकाभोकांत सूक्ष्म जीव असतात आणि तेच पुढे टाकीचं पाणी शुद्ध राखतात. आपल्या समुद्रातून ते काढायला बंदी, म्हणून हे परवान्यानं परदेशातून आलेले. ओल्या कागदांत गुंडाळलेले, आधीच बराच प्रवास झालेला. लवकर पाण्यात गेले नाहीत तर आतले जीव मरतात आणि दगड सडतो. पाणी बादल्यांत मीठ कालवून तयार होतं. फक्त स्टँड खाचेत सरकवायचा होता.

चौघांनी उचलला, नेला, आणि तो खाचेच्या तोंडाशी अडला.

मी तिरपा करून पाहिला, खांबाचं प्लॅस्टर चाचपलं, परत टेप लावला. खाच बाराशे साठच होती. मग टेप स्टँडला लावला. बाराशे साडेबासष्ट.

"काका, सीरियसली?" निखिलचा आवाज चढला. "अडीच एमएम? दगड मरतायत तिकडे!"

आगाशेकाका चष्मा सारखा करून पुढे आले. "काय हो, आमची भिंत आकसली, का तुमची पट्टी फुगली?"

त्यांनी टोमणा मारला होता, पण मी मनात हिशेब केला. बाराशे पन्नासावर शंभराला एक. साडेबारा. शेडमधल्या खिळ्यावरची ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. इतकी वर्षं ती नुसती टांगलेली होती. या कामाला बसलो आणि नीट करायचं म्हणून माझा हात आपोआप तिच्याकडे गेला होता. घरात मापं घेतली टेपनं आणि लाकूड कापलं त्या पट्टीनं. साधा सुतार ही चूक करूच शकला नसता. त्याच्याकडे तशी पट्टीच नसते.

मी खाली बसलो आणि सगळं खरं खरं सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्यासाठी लोखंडाचा स्टँड केलात. बरं, आता?"

स्टँड परत नेऊन कापायचा, सांधायचा, रंगवायचा आणि रंग वाळू द्यायचा म्हणजे पंधरा दिवस. तोवर दगड गेले असते. मी सांगाड्याकडे बघत बसलो. भार पेलतो तो सांगाडा, बाजूच्या फळ्या फक्त झाकायला असतात. एक फळी लॅमिनेटसकट तेरा मिलिमीटरची. खांबाकडची फळी काढली तर स्टँड आत जाणार होता आणि त्या बाजूला खांबच भिंत होणार होता. मी पटाशी काढली. ती फळी मी स्वतः निवडली होती, तिच्या कडा बोट फिरवून फिरवून घासल्या होत्या. ती तुकडे होऊनच निघाली.

स्टँड आत गेला. पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध राहिला. काका उघड्या बाजूच्या सांगाड्याकडे बघत हळूच म्हणाले, "हिच्यासारखाच झाला की. एक बाजू नाही, पण उभा आहे."

मी म्हटलं, "उघड्या सांगाड्याला खारं पाणी लागणार. दर सहा महिन्यांनी येऊन आतून रंगाचा हात द्यावा लागेल. ते माझ्याकडे लागलं."

संध्याकाळी पंप सुरू झाला. निखिलनं काकूंना पलंगावर आणून निजवलं. त्या उजवीकडे खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. टाकीतून खाली स्टँडमधल्या गाळायच्या यंत्रात पाणी पडायला लागलं आणि पाच मिनिटांनी त्या करवादल्या, "अहो, नळ कुणी उघडा ठेवलाय? पाणी वाया जातंय!"

"कुठल्या बाजूचा नळ?" काकांनी लगेच विचारलं.

"मला काय माहीत? बंद करा आधी."

मान वळली नव्हती. पण त्यांना काहीतरी खुपायला लागलं होतं. काका मला दारापर्यंत सोडायला आले आणि माझा हात बराच वेळ हातात धरून उभे राहिले.

अशा टाकीत लगेच मासे सोडत नाहीत. दीड-दोन महिने नुसतं पाणी आणि दगड, आत जिवाणूंचा संसार बसेपर्यंत वाट बघायची. ही वाट बघणं लोकांना झेपत नाही. निखिलला झेपलं. मग त्यानं गोगलगाई सोडल्या, मग दोन नारिंगी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे, मग आणखी तीन.

सहा महिन्यांनी रंगाचा डबा घेऊन गेलो तर काकांनी मला एक वही दाखवली. रोज सकाळी ते काकूंना विचारायचे, "किती मासे दिसतात?" उत्तर वहीत लिहायचे, धरणाची पातळी लिहावी तसं, वेळेसकट. दोन. दोन. एक. दोन. मधेच एक दिवस शून्य, शेजारी कंसात 'रागावली आहे'. पुढे तीन. मग परत दोन. शेवटच्या पानावर एकदा पाच होते.

"पाच!" मी म्हटलं.

"हुरळू नका," काकांनी वही मिटली. "मासे फिरतात. सगळे उजव्या काचेपाशी आले असतील. यावरून काही सिद्ध होत नाही."

मी स्टँडमध्ये अर्धा शिरून रंग देत होतो. बाहेर काकू मला सांगत होत्या की तो मोठा मासा लबाड आहे, धाकट्याला जेवू देत नाही. बाहेर आलो तेव्हा त्या टाकीकडेच बघत होत्या, पण मान वळली होती ती थोडीशीच. टाकीचा डावा कोपरा, जिथे निखिलनं सगळ्यात सुंदर जांभळं प्रवाळ लावलं होतं, त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्यानंतरच्या खेपेला मी गेलो तेव्हा काकू काठी घेऊन चार पावलं चालत होत्या. मी रंग देऊन हात धुतले आणि निघालो, तर काका म्हणाले, "आज जेवूनच जायचं. स्वयंपाक मी केलाय, त्यामुळे आग्रह करत नाही, हुकूम आहे." निखिल कामावर गेला होता. आम्ही तिघंच. टेबलाशी काकूंच्या उजव्या हाताला काका बसायचे, घास सांडला तर सावरायला. म्हणून मी डावीकडे बसलो. बसताना माझ्या लक्षात आलं की मी नेमका त्यांना न दिसणाऱ्या जागी बसलो आहे. मनाशी म्हटलं, बरंच झालं, जेवताना कुणी बघत असलं की मला अवघडल्यासारखं होतं.

काकांनी वाढलं. वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. ताटं समोर आली. मी काकूंच्या ताटाकडे बघायचं टाळत होतो. कोशिंबीर तशीच राहिलेली मला बघायची नव्हती. अजून कुणी पहिला घास घेतला नव्हता.

"अहो," काकू म्हणाल्या.

"काय?" काकांनी विचारलं.

"असं कसं वाढलंत? सोनावण्यांच्या ताटात लिंबू नाही."

मी माझ्या ताटाकडे पाहिलं. मिठाशेजारची जागा रिकामी होती. मग मान वर केली. काकू माझ्याकडे बघत होत्या, सरळ, पाहुण्याला कमी पडलं म्हणून ओशाळलेल्या.

काका उठले. "आणतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. आम्ही दोघं घास न घेता त्यांची वाट बघत बसलो. आत सुरीचा आवाज आला नाही. मग नळ सुटला आणि बराच वेळ वाहत राहिला.

"बघा," काकू मला म्हणाल्या, "पाणी वाया घालवतायत."

पुढे काही वर्षांनी निखिलची बदली झाली आणि तो आईवडिलांना घेऊन गेला. मासे आणि दगड त्याच्या एका मित्राकडे गेले. काकांचा मला फोन आला, "सोनावणे, तुमचं अर्धवट काम घेऊन जा." मी टेम्पो घेऊन गेलो. तसली एक फळी आजही मी तासाभरात बसवून देईन. मी ती बसवत नाही.